लोखंडी पाईपमधल्या केबलचा इंपिडन्स काढायचाय? आधी हे हाताशी ठेवा

इंपिडन्स म्हणजे केबलचा एसी करंटला होणारा एकूण अडथळा: तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स, आणि करंटभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा रिॲक्टन्स. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावरच्या बर्फ कारखान्याचं काम असेल तर मोजमाप १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते त्यातच उरकून घ्या, सीझनमध्ये कॉम्प्रेसर बंद ठेवायला मालक तयार होणं कठीण. पावसात भिजायला होईल, पण सप्लाय बंद मिळतो ना.

पिशवीत पहिलं लोहचुंबक टाका. हसू नका, सगळा हिशोब तिथेच फिरतो. खाऱ्या हवेमुळे किनाऱ्याला कोणी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप) टाकतो, कोणी ३०४-३१६ चं स्टेनलेस, कोणी प्लास्टिक, आणि रंग मारल्यावर लांबून सगळे सारखेच दिसतात. चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड, म्हणजे रिॲक्टन्स वाढवून धरायचा. स्टेनलेसला जेमतेम चिकटला किंवा चिकटलाच नाही तर प्लास्टिकच्या पाईपएवढाच रिॲक्टन्स धरला तरी चालतं. जीआय असेल तर पाईपवरचा रंगाचा पट्टा बघा, त्यावरून जाडी कळते, पिवळा लाईट, निळा मीडियम, लाल हेवी, आणि आतला व्यास व्हर्नियरने घ्या.

मग केबल. तांबं की ॲल्युमिनियम, साईज किती, वरचं इन्सुलेशन पीव्हीसी की एक्सएलपीई, आणि मुख्य म्हणजे एक केबल तीन-चार कोरची आहे की सुट्या सिंगल कोर ओढल्यात, कारण सुट्या असल्या की पाईपात त्या कशाही पडतात, अंतर वाढतं, रिॲक्टन्स अजून वर जातो. तिन्ही फेज नि न्यूट्रल एकाच पाईपात आहेत ना हे डोळ्यांनी बघा, वायरमनच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका, एकच फेज लोखंडी पाईपातून गेलेली असली तर पाईपच तापतो आणि मग इंपिडन्स काढत बसण्यापेक्षा आधी वायरिंग बदलायला सांगा.

लांबी टेपने, वळणासकट. जांभ्यात खोदलेला चर सरळ क्वचितच जातो.

रेझिस्टन्स कॅटलॉगमध्ये २० डिग्रीला दिलेला असतो, तो चालू तापमानाला आणायचा. २४० स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) तांबं २० ला किलोमीटरमागे ०.०७५४ ओहम, ७० डिग्रीला ०.०९०. रिॲक्टन्ससाठी कोरांमधलं अंतर भागिले जीएमआर (रिॲक्टन्सच्या हिशोबात धरायची तारेची त्रिज्या, खऱ्या त्रिज्येपेक्षा थोडी कमी), त्याचा नॅचरल लॉग, गुणिले ०.०६२८, आला ५० हर्ट्झला किलोमीटरमागचा ओहम. ह्या केबलला ०.०८ धरा. लोखंडी पाईप असेल तर अमेरिकेच्या वायरिंग नियमावलीच्या, एनईसीच्या, टेबल ९ मध्ये प्लास्टिकपेक्षा साधारण २५ टक्के जास्त धरलेला असतो, म्हणजे ०.१०.

आता एवढ्याशा फरकाने काय होतं? चालू मोटरला ०.८५ पॉवर फॅक्टरवर (हा जितका कमी तितका रिॲक्टन्सचा वाटा जास्त) व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये पडणारं व्होल्टेज, ९ टक्क्यांच्या आसपास वाढतो, पण स्टार्टिंगला पॉवर फॅक्टर ०.३ पर्यंत पडतो आणि तोच ड्रॉप १८ टक्क्यांनी वाढतो, वर करंट फुल लोडच्या सहा-सात पट. म्हणून मोटरचं स्टार्टिंगचं रीडिंग यादीत हवंच. ३५ स्क्वेअरची केबल असेल तर मात्र रेझिस्टन्सच एवढा मोठा असतो की पाईपचा फरक सोडून दिलात तरी काही बिघडत नाही, उगाच रात्र जागवू नका.

अर्थ फॉल्टचा, म्हणजे फेज पाईपला किंवा मशीनच्या बॉडीला लागली तर त्याचा, हिशोब वेगळ्या पानावर. तिथे करंट पाईपातून परत येतो, आणि लोखंडाचा इंपिडन्स करंटबरोबर बदलतो, त्यामुळे लूप टेस्टरचं (फॉल्टच्या वाटेचा इंपिडन्स मोजणाऱ्या मीटरचं) छोट्या करंटवरचं रीडिंग मोठ्या फॉल्टला जसंच्या तसं लावता येत नाही. अर्थची वायर पाईपच्या बाहेरून नेलेली असेल तर ती फॉल्टला फारसा करंट घेत नाही, ती पाईपातच हवी. आणि दोन पाईप जोडणाऱ्या सॉकेटचे आटे! समुद्राकडच्या बाजूला दोनेक पावसाळे झाले की आट्यात गंज बसतो आणि पाईप दिसायला अखंड, इलेक्ट्रिकली तुटलेला. मायक्रो-ओहममीटर मागवून प्रत्येक सांध्यावर रीडिंग घ्या, सांध्यांना खडूने नंबर टाका (पावसात खडू टिकत नाही, मार्करच घ्या), आणि जिथे रीडिंग उडी मारतंय तिथे सांध्यावरून कॉपरचा बाँड (जोडपट्टी) टाकून परत मोजा.