साताऱ्याहून मिदी कालव्यावर: बोट स्वतःच चालवायची तर

फ्रान्सच्या कनाल द्यू मिदीवर भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी कंपनीचा माणूस शिकवतो. वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, त्यामुळे आठवड्यात कालव्याचे अख्खे 240 किलोमीटर उरकायचा हट्ट नको. खरी कसोटी लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारे असलेल्या हौदात. दोराचा खुंटाला एक वेढा देऊन टोक हातात धरा. गाठ कधीच मारू नका. पाणी उतरताना बांधलेली बोट लटकते. उतरताना बोटीची मागची बाजू वरच्या दारापासून लांब ठेवा, नाहीतर तिथल्या उंबऱ्यावर सुकाणू अडकते. चढताना पाणी उसळते, तेव्हा ढिला पडणारा दोर आवळत राहा. दुपारी जेवणाच्या वेळी लॉक बहुधा बंद असतात. शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. कंदी पेढे मात्र घरीच: सामानातून दुधाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे.