मुलं नौदलाच्या ट्रेनिंगला: पालकांच्या ग्रुपमधल्या या चुका टाळा

अग्निवीर म्हणून निवड झालेली मुलं आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या गेटातून आत गेली की महाराष्ट्रातल्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप लगेच तयार होतो. ग्रुप हवाच. ओडिशात चार महिने, पुढे लोणावळ्याला आयएनएस शिवाजी किंवा जामनगरला आयएनएस वलसुरा असं तांत्रिक ट्रेनिंग. एवढा काळ एकट्याने काढणं आईबापांना जड जातं. एकमेकांना धीर द्यावा, तिकिटं मिळून काढावीत, म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या सोबतीला माणूस शोधावा, यासाठी ग्रुप वापरा. त्यात मुलांची माहिती फिरायला लागली की मात्र तोच ग्रुप घातक ठरतो.

फोटो आणि नावांची यादी

सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती प्रेमापोटीच होते. पांढऱ्या युनिफॉर्ममधला लेकराचा पहिला फोटो आला की तो ग्रुपवर, स्टेटसला आणि गावाच्या ग्रुपवरही जातो. तोच फोटो मोठा करून बघा: छातीवर नेमप्लेट, मागे इमारतीचा बोर्ड, शेजारी चार जणांचे चेहरे. वर कोणीतरी लिहितं, ‘अमुक डिव्हिजन, आता इलेक्ट्रिकलला लोणावळा की जामनगर?’ एका अनोळखी माणसाला नाव, चेहरा, ठिकाण आणि शाखा एका जागी मिळाली.

ही भीती उगाच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात नौदलाचे सात खलाशी पकडले गेले. त्यांना समाजमाध्यमांवरून जाळ्यात ओढलं होतं. त्यानंतर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन व फेसबुक वापरायला बंदी घातली. मुलगा आत नियम पाळतो आणि बाहेर आपण त्याचं सगळं मांडून बसतो, हे बरोबर नाही.

काय करायचं:

- फोटो घरापुरताच ठेवा. दाखवायचाच असेल तर नेमप्लेट आणि मागचं सगळं कापून दाखवा.
- फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका. तसा पाठवला की फोनने नोंदवलेली जागा फाइलबरोबर जाऊ शकते.
- मुलाचं नाव, नंबर, डिव्हिजन (ट्रेनिंगमधली त्याची तुकडी) आणि शाखा अशी ‘सगळ्यांच्या सोयीची’ एक्सेल यादी करू नका. पालकाचं नाव, तालुका आणि फोन एवढं पुरे.
- ग्रुपची लिंक कुठेही टाकू नका. नवीन पालकाला घेण्याआधी ॲडमिनने व्हिडिओ कॉल करावा. डीपीला युनिफॉर्म आहे म्हणून कोणी साहेब होत नाही.

ग्रुपवर हे सांगायला संकोच वाटतो, कारण समोर एका आईचा आनंद असतो. खासगीत फोन करा. ‘ताई, फोटो सुंदर आहे, पण मागचा बोर्ड दिसतोय, तेवढा काढता का?’ एवढं म्हटलं तर कोणी दुखावत नाही.

फोन आला नाही, किंवा आला आणि रडला

ट्रेनिंगमध्ये मोबाइल ठरलेल्या वेळेतच मिळतो. एका डिव्हिजनची मुलं बोलतात तेव्हा दुसरीची ड्रिल किंवा पोहण्याची परीक्षा चालू असू शकते. रविवारी रात्री ‘तुमच्या पोराचा आला का?’ हा प्रश्न ग्रुपवर फिरला की ज्यांचा आला नाही त्यांची झोप उडते. त्या रात्री फक्त त्याच डिव्हिजनच्या एखाद्या पालकाला वैयक्तिक विचारा. तरीही मन मानत नसेल तर जॉइनिंगच्या कागदांवरच्या अधिकृत नंबरवर फोन करा. कुणाकडून तरी मिळवलेला इन्स्ट्रक्टरचा खासगी नंबर फिरवू नका. वीस पालकांनी एकाच माणसाला फोन केले तर त्याचा त्रास शेवटी मुलांनाच होतो.

आणि तो फोन येतो तेव्हा पोराचा आवाज बसलेला असतो. बऱ्याचदा हा ड्रिलच्या ओरडण्याचा परिणाम असतो, रडण्याचा नव्हे. ‘आई, इथे जमत नाही’ असं पहिल्या तीन-चार आठवड्यांत पुष्कळ मुलं म्हणतात. ‘मग ये परत’ म्हणू नका आणि ‘लोक काय म्हणतील’ हेही म्हणू नका. तीन गोष्टी विचारा: जेवतोस का, झोप होते का, कुठे दुखतंय का.

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. पळणं आणि परेड एकदम वाढल्यामुळे नडगीच्या हाडावर ताण येतो. दुखणं दाबून पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर पडू शकते. ‘सांगू नकोस, रेलिगेट करतील’ हा सल्ला ग्रुपमधूनच मुलांपर्यंत पोचतो आणि तो फार महागात पडतो. रेलिगेट होणं म्हणजे मागून येणाऱ्या तुकडीबरोबर ट्रेनिंग पूर्ण करणं. तेवढ्यावर नोकरी जात नाही. दाबून ठेवलेलं दुखणं मात्र मुलाला कायमचं बाहेर काढू शकतं. दुखत असेल तर त्याने त्याच दिवशी मेडिकलला सांगावं. वेदनाशामक गोळ्या किंवा प्रोटीनचे डबे घरून पाठवू नका.

ज्यांचं मूल रेलिगेट झालं, ते पालक बहुतेक वेळा गुपचूप ग्रुप सोडतात. त्यांना आधी फोन करा.

पगाराचा हिशोब

‘तीस हजार पगार’ हा आकडा गावात आधी पोचतो. पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात, ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या रकमेत, जातात. दुसऱ्या वर्षी २३,१००, तिसऱ्या वर्षी २५,५५०, चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांत मुलाचे स्वतःचे ५ लाख २ हजार रुपये साठतात आणि सरकार तेवढीच भर घालतं. मुलगा स्वतःहून मधेच बाहेर पडला तर त्याचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा नाही.

या पगारावर ट्रॅक्टरचा पाच वर्षांचा हप्ता काढणं ही सरळ चूक आहे. सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांनाच कायम ठेवलं जातं. पाचव्या वर्षीचा हप्ता कोण भरणार, याचं उत्तर आज हातात नसेल तर कर्ज घेऊ नका.

लग्नाचंही तसंच. मुलगा लागला म्हणून मुहूर्त धरू नका. अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही. केलं तर सेवेतून काढतात. पाहुण्यांना हे आत्ताच स्पष्ट सांगा.

पैशाचा आणखी एक धोका आहे. ‘मुलाचा अपघात झालाय, ऑपरेशनला पन्नास हजार पाठवा’ असा फोन आला तर तो खोटाच समजा. प्रशिक्षणार्थींवर सरकारी खर्चाने उपचार होतात, घरच्यांकडे पैसे मागत नाहीत. फोन ठेवा, अधिकृत नंबरवर खात्री करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

लोणावळा जवळ आहे म्हणून

तांत्रिक ट्रेनिंग आयएनएस शिवाजीला लागलं की पुण्या-मुंबईच्या पालकांना वाटतं, रविवारी डबा घेऊन गेलं की भेट होईल. न कळवता गेटवर जाऊ नका. मुलाला लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची मोकळीक, कधी आहे ते त्याच्याकडूनच विचारा आणि बाहेरच भेटा. जामनगरवाल्या मुलाची आईही त्याच ग्रुपात आहे, त्यामुळे भेटीचे फोटो टाकताना तिचाही विचार करा.

इथली अडचण शरीराची कमी आणि अभ्यासाची जास्त. डिझेल इंजिन, पंप, गॅस टर्बाइन, सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाला विषय कळतो, शब्द अडतो. ‘किती मार्क पडले’ विचारण्यापेक्षा ‘रात्री कोणाबरोबर अभ्यासाला बसतोस’ विचारा. एकट्याने बसत असेल तर ग्रुपमधल्या दुसऱ्या पालकाकरवी दोघांची गाठ घालून द्या.

चिल्काच्या पासिंग आउट परेडला जाताना

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि परेडची पक्की तारीख कधीकधी त्यानंतर कळते. अंदाजाने तिकीट काढायचं तर रद्द केल्यावर किती पैसे कापले जातील ते आधी बघा. मुंबई, पुणे, सोलापूरकडून कोणार्क एक्सप्रेस जाते, विदर्भातून रायपूरमार्गे गाड्या आहेत. चिल्का ब्रह्मपूर आणि खुर्दा रोड यांच्यामध्ये आहे. त्यामुळे विशाखापट्टणमकडून येणाऱ्यांनी थेट भुवनेश्वरला जाऊन परत फिरण्याआधी आपली गाडी चिल्काजवळच्या बालुगावला थांबते का ते बघावं. सहा-सात जणांनी मिळून एक जीप ठरवली तर खर्च बराच कमी होतो आणि हिंदी-ओडिया न येणाऱ्या आईबापांना सोबत मिळते. आधार कार्ड मूळ घ्या, झेरॉक्सवर अडकाल. ज्यांना जाणं परवडत नाही, त्यांच्या मुलाला परेडनंतर कोण भेटणार हे ग्रुपने आधीच ठरवून ठेवावं. त्याच्या आईने दिलेला लाडवांचा डबा त्या माणसाच्या हातात निघण्याआधी पोचवा.