कॉलेजचा बास्केटबॉल कोच व्हायचंय? आधी स्वतःचे कागद शोधा

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत ‘बास्केटबॉल कोच’ नावाचं पदच नसतं. टीमबरोबर दिसणारा कोच सहसा इंटरकॉलेजपुरता, मानधनावर असतो. टीम पहिल्याच फेरीत बाद झाली की त्याचं कामही संपलं. कायमची जागा एकच, शारीरिक शिक्षण संचालकाची. मुलं ज्यांना जिमखान्याचे सर किंवा मॅडम म्हणतात, ते. त्या जागेचा रस्ता कोर्टवरून जात नाही.

पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा जरूर करा. सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सात शिट्टी नीट वाजवता येते, त्यापलीकडे फारसं काही नाही, असं माझं मत. कुणाला राग आला तर येऊ दे. पण संचालकाच्या जागेसाठी डिप्लोमा पुरत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षणात 55 टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी लागते, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते (ठरावीक नियमांतली पीएचडी असेल तर सूट आहे), आणि मैदानी चाचणीही द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर, बायकांना 8 मिनिटांत 1000 मीटर. रोज ग्राउंडवर असणाऱ्याला ते अवघड नाही.

याच यादीत एक साधी वाटणारी अट आहे आणि मी तिथेच अडकले. तुम्ही स्वतः कॉलेजकडून, विद्यापीठाकडून किंवा राज्य-राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याची नोंद हवी. खेळल्याची नोंद, नुसतं खेळलेलं असणं नव्हे! मी तीन वर्षं कॉलेजच्या टीममध्ये होते. माझ्याकडे टीमचा फोटो होता, जर्सी होती, गुडघ्यावर सिमेंटच्या कोर्टची खूणही होती. छाननीच्या टेबलावर यातलं काहीच चाललं नाही. जिंकणाऱ्यांना मंडपात सर्टिफिकेट मिळतं. आम्ही दुसऱ्या फेरीत हरून एसटी पकडायचो, सहभागाची प्रमाणपत्रं नंतर कॉलेजात यायची आणि जिमखान्याच्या कपाटात पडून राहायची. मी मागायला गेले तोवर सर निवृत्त झाले होते, कपाट बदललं होतं. एक प्रमाणपत्र सापडलं, तर त्यावर आडनाव चुकलेलं आणि वडिलांचं नाव गायब. मार्कशीटशी नाव जुळेना. ती जागा गेली.

म्हणून अजून शिकत असाल तर आजच जिमखान्यात जा. प्रमाणपत्र घ्या. नाव मार्कशीटवर आहे तसंच, त्याच क्रमाने आहे का बघा. स्पर्धेचं नाव, वर्ष, सही, शिक्का सगळं तपासा. प्रमाणपत्र मिळत नसेल तर त्या वर्षीच्या एन्ट्री फॉर्मची शिक्क्यासह प्रत आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र मागा. मला शेवटी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जुने फॉर्म सापडले, त्यामुळे दार कायमचं बंद होत नाही, एवढा धीर धरा. पण वर्षं जातात. तोवर तासिका तत्त्वावर आणि शाळेच्या सकाळच्या बॅचवर घर चालवावं लागतं. मानधन सीझन संपून गेल्यावर हातात येतं, आधी नाही.

आता खेळाचं. यूट्यूबवर अमेरिकी कॉलेजांची ड्रिल्स बघून ती आपल्या मुलांवर लादू नका. त्यांच्याकडे लाकडी इनडोअर कोर्ट आहे. आपल्याकडे ऐन सीझनमध्ये पाऊस असतो, कोर्टवर पाणी साचतं, पाचजणींची प्रॅक्टिकल्स असतात आणि सरावाला सातच मुली येतात. सातजणींत 2-3 झोन डिफेन्स (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपला भाग राखायचा), उजव्या-डाव्या हाताचे ले-अप (धावत येऊन बास्केटजवळून टाकायचे शॉट) आणि फ्री थ्रो पक्के करा. बाकीचं पुढच्या वर्षी.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. मोठ्या नावाच्या कोचमागे बॉलची पिशवी वाहत फिरण्यापेक्षा स्पर्धांत टेबलवर बसा. स्कोअरशीट भरा, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ, सांभाळा. आक्रमक रिबाउंडनंतर (हुकलेला शॉट त्याच टीमने पुन्हा पकडला की) घड्याळ 24 सेकंदांवर जात नाही, 14 वर येतं, हे माहीत नसल्यामुळे बाकावर ओरडणारे कोच मी खूप पाहिलेत. टेबलवरून दोन्ही बाकं दिसतात. कोण कधी टाइम-आउट घेतं, कोण तिसऱ्या फाऊलनंतरही मुलाला आत ठेवतं, सगळं कळतं. शिवाय रेफरी ओळखीचे होतात. पुढे त्याचा फायदा उचलू नका, पण ओळख असू द्या.

हराल. पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक हरालच, आणि प्राचार्य विचारतील, ‘मॅडम, ट्रॉफी कुठे?’ तेव्हा जेम्स नेस्मिथ आठवा. 1891 साली हा खेळ शोधणारा माणूस. तोही शारीरिक शिक्षणाचाच शिक्षक. कॅन्सस विद्यापीठाच्या टीमचा कोच म्हणून त्याचा हिशेब 55 विजय आणि 60 पराभव असा आहे. त्याला कुणी काढलं नाही. तुम्हाला काढू शकतात, म्हणून नेटचा अभ्यास सीझनमध्येही थांबवू नका.

आणि टीम हरली तरी बसमध्ये बसण्याआधी सगळ्या मुलींची प्रमाणपत्रं ताब्यात घ्या. तिथेच नावं तपासा.