पाण्यातून निघालेलं पुरातन लाकूड ट्रेहॅलोजने कसं टिकवावं

शेकडो वर्षं गाळात किंवा पाण्याखाली राहिलेलं लाकूड बाहेर काढताना धडधाकट दिसतं, आणि तिथेच फसगत होते. जिवाणूंनी पेशीभित्तिकांतलं सेल्युलोज बरंचसं खाऊन टाकलेलं असतं. मागे राहतो लिग्निनचा, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या घटकाचा, सांगाडा, आणि त्याला आतून तोलून धरलेलं असतं पाण्याने. हे लाकूड उघड्यावर वाळलं की पाण्याचा पृष्ठताण त्या मऊ भिंतींना आत ओढतो, पेशी मिटतात, लाकूड आक्रसतं आणि तडकतं. नंतर कितीही भिजवलं तरी ते पूर्ववत होत नाही. म्हणून उपचार सुरू होईपर्यंत वस्तू पाण्यात बुडवून, अंधारात, ४-५ अंश सेल्सिअसला ठेवा. गोठू मात्र देऊ नका.

पाण्याची जागा घेणारा पदार्थ म्हणून बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरतात. १९६१ साली वर काढलेल्या ‘वासा’ या स्वीडिश जहाजावर त्याची फवारणी १९६२ ते १९७९ अशी चालली. पण ते सहसा पेट्रोलियमपासून बनतं. वनस्पतीजन्य पर्यायांत आमची पसंती ट्रेहॅलोजला आहे. ही स्टार्चपासून विकरांच्या मदतीने बनवलेली साखर आहे.

घरातली साखर स्वस्त आहे आणि ती वापरलीही गेली आहे, पण तिचा धोका मोठा आहे. आम्लात किंवा सूक्ष्मजीवांमुळे ही साखर, म्हणजे सुक्रोज, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे मिश्रण सहजी स्फटिक धरत नाही, हवेतला ओलावा ओढतं आणि लाकूड चिकट होऊन पाझरत राहतं. लोखंड आणि गंधक मुरलेलं लाकूड आम्लधर्मी होत जातं, म्हणजे सुक्रोज जिथे टिकत नाही नेमकी तीच जागा. ट्रेहॅलोज आम्ल आणि उष्णता दोन्ही चांगलं सोसतं.

आधी लाकूड किती कुजलंय ते मोजा. वस्तूच्या नजरेआड भागातून काडीएवढा तुकडा घ्या, ओला असताना वजन करा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. दोन्ही वजनांतला फरक कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. ओला तुकडा ६ ग्रॅम आणि कोरडा १ ग्रॅम असेल तर पाणी ५०० टक्के. ४०० च्या वर फार कुजलेलं, १८५ ते ४०० मध्यम, त्याखाली बऱ्यापैकी शाबूत. जाड ओकच्या तुळईत कवच कुजलेलं आणि गाभा टणक असं बऱ्याचदा असतं, तेव्हा एकाच नमुन्यावर विसंबू नका.

मग धुणं. मऊ ब्रशने गाळ काढा, गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा. वाहकता मीटरचा आकडा नव्या पाण्याच्या जवळ येऊन थांबला की क्षार निघाले. खिळ्यांभोवती काळे-तांबूस डाग असतील तर २ ते ५ टक्के अमोनियम सायट्रेटच्या द्रावणात ठेवा, पीएच ७ च्या आसपास राखा आणि शेवटी भरपूर धुवा. लोखंड आत राहिलं तर पुढे गंधकाचं आम्ल बनण्याला ते हातभार लावतं.

द्रावण करताना एक हिशेब हमखास चुकतो. बाजारात मिळणारी पावडर बहुधा डायहायड्रेट, म्हणजे दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बांधलेली, असते; तिच्या वजनात साडेनऊ टक्के पाणीच असतं. १० किलो २० टक्के द्रावणासाठी २ नव्हे, २.२१ किलो पावडर आणि ७.७९ किलो पाणी घ्या.

वस्तू जाळीखाली दाबून २० टक्क्यांच्या द्रावणात बुडवा. टाकीतलं थोडं द्रावण बाहेर काढून त्यात पावडर विरघळवा आणि मग परत ओता. पावडर थेट लाकडावर टाकू नका. वस्तूचं वजन स्थिर झालं की द्रावणाची तीव्रता १० टक्क्यांनी वाढवा. घाई केली तर साखर आत शिरण्याआधी पाणी बाहेर ओढलं जातं आणि लाकूड टाकीतच आक्रसतं. यावर पहारा ठेवायला लाकडात दोन स्टीलच्या टाचण्या रोवून त्यांच्यातलं अंतर दर टप्प्याला मोजा. अंतर घटलं तर वाढ थांबवा. पातळ द्रावणात जंतू माजतात: गढूळपणा, आंबट वास किंवा पीएच घसरताना दिसला की द्रावण बदला.

२० अंशांवर १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ६९ ग्रॅमच ट्रेहॅलोज विरघळतं, म्हणजे द्रावण ४० टक्क्यांच्या आसपास अडतं. ६० अंशांवर १८४ ग्रॅम, ७० अंशांवर २५१ ग्रॅम. म्हणून ४० टक्क्यांपुढे टाकी झाकून हळूहळू तापवायची आणि फार कुजलेल्या लाकडासाठी ७० टक्क्यांपर्यंत न्यायचं. मुक्काम किती, हे जाडीवर ठरतं: बारीक वस्तूला काही आठवडे, तुळईला वर्ष किंवा जास्त. या काळात वीज गेली तर थंड होणाऱ्या टाकीत साखर तळाशी आणि वस्तूवर दगडासारखी बसते. पर्यायी वीजपुरवठ्याशिवाय हा टप्पा सुरू करूच नका.

बाहेर काढायचा क्षण सगळ्यात नाजूक. वस्तू उचलताच गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पृष्ठभाग पुसा, नाहीतर पांढरा थर बसून कोरीवकाम बुजतं. लगेच खोलीच्या तापमानाला पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. द्रावण थंड होताच त्याला साखर पेलवत नाही आणि आतल्या आत स्फटिक धरू लागतात. प्रत्येक ट्रेहॅलोज रेणू पाण्याचे दोन रेणू आपल्यात बांधतो. पाणी उडून जाण्याआधीच भिंतींना टेकू मिळतो, साऱ्या पद्धतीचं मर्म हेच. इथे ओव्हन वापरू नका: गरम ठेवलं तर साखर द्रावणातच राहते आणि पाणी उडत असताना पेशींना आधार मिळत नाही.

वजन थांबेपर्यंत वाळू द्या. वर राहिलेली पांढरी साखर कोमट पाण्याच्या बोळ्याने टिपून घ्या. पुढे ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवा. कधी उपचार उलटवायची वेळ आली तर गरम पाण्यात साखर पुन्हा विरघळते, पण लाकूड तेव्हाही आधी बुडवूनच ठेवावं लागेल.