‘सिस्टर, मी काय पाप केलं होतं?’ : वॉर्डातल्या प्रशिक्षणाची आखणी

कॅन्सर, डायलिसिस किंवा लकव्याच्या वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकीच्या कानावर हा प्रश्न पडलेला असतो. उत्तरही तयार असतं : “असं काही नसतं आजी, देवावर भरवसा ठेवा.” मग सलाइनचा वेग बघून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळते. आजी पुन्हा तो प्रश्न विचारत नाहीत.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह) उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स वेदनेचे चार पदर सांगत : शरीराचा, मनाचा, घरादाराचा आणि आध्यात्मिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेच्या, व्याख्येतही चौथा पदर आहे. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून मरणपंथाला लागलेल्या रुग्णांची शुश्रूषा करत आलं आहे. म्हणजे कल्पना नवी नाही. अडतं ते साध्या वॉर्डात, जिथे एका सिस्टरकडे वीस-पंचवीस खाटा असतात. हा चौथा पदर ओळखायला आणि ऐकायला तिथल्या माणसांना शिकवण्याची पुढची आखणी त्या वॉर्डासाठी आहे.

दिवसभराच्या एका कार्यशाळेनं फारसं साधत नाही. ऐकलेलं आठवड्यात विसरतं. दीड-दीड तासाच्या चार बैठका, आठवड्याला एक, आणि मधल्या दिवसांत प्रत्येकानं दोन रुग्णांशी बोलून यायचं. गट बारा ते पंधरा जणांचा असावा. त्यात सिस्टर, ब्रदर, रेसिडेंट डॉक्टर, समाजसेवा अधीक्षक आणि वॉर्डातले मामा-मावशी हवेतच. मावशींना वगळण्याची चूक सर्रास होते. रुग्ण खरं बोलतो ते अंग पुसताना किंवा बेडपॅन देताना, राऊंडच्या वेळी नव्हे.

पहिली बैठक : विचारायचं कसं

पहिल्याच दिवशी ‘अध्यात्म’ या शब्दावर बंदी घाला. तो ऐकला की रुग्णाला कीर्तन, महाराज, मठ आठवतात आणि तो म्हणतो, “नाही हो, आपण साधी माणसं.” क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांची, १९९०च्या दशकातली चार टप्प्यांची पद्धत जगभर वापरली जाते : श्रद्धा, तिचं महत्त्व, सोबतीची माणसं, आणि उपचारात त्याचं काय करायचं. शब्दशः भाषांतर करून ती वाचून दाखवली तर शिरगणतीला आल्यासारखं वाटतं. आपल्या बोलीत ती अशी बसते :

“अवघड वेळी तुम्हाला धीर कशानं येतो?”
“या दुखण्यात तो आधार टिकून आहे, की सुटल्यासारखा वाटतो?”
“अशा वेळी जवळ कोण असावंसं वाटतं?”
“त्यासाठी आम्ही इथे वॉर्डात काय करावं?”

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त गळतो, आणि हाताला काम देणारा तोच असतो. उत्तरं फार मोठी नसतात : चष्मा घरी राहिला म्हणून पोथी वाचता येत नाही, संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी शेजारचा टीव्ही बंद हवा, अबोला धरलेल्या भावाला एकदा बोलवा.

भरतीच्या वेळी विचारू नका. तेव्हा माणूस पैशाच्या आणि खाटेच्या चिंतेत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ड्रेसिंग करताना किंवा बीपी घेताना, भेटायला आलेली मंडळी नसताना विचारा. सुरुवातीला “हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो” एवढं म्हणाच. नाहीतर रुग्ण समजतो, डॉक्टरांनी आशा सोडली.

दुसरी बैठक : भोग

ही बैठक सगळ्यात महत्त्वाची. कागदाच्या चिठ्ठ्यांवर रुग्णांची नेहमीची वाक्यं लिहा : “हे माझे भोग आहेत.” “वारी चुकली म्हणून झालं का हे?” “देवानं पाठ फिरवली.” “आता सोडवा मला.” तिघातिघांचे गट करा, एक रुग्ण, एक सिस्टर, एक घड्याळ घेऊन बघणारा. फेरी सात मिनिटांची, मग भूमिका बदला.

नियम एकच. पहिल्या उत्तरात सल्ला नको, दिलासा नको, स्वतःची श्रद्धा नको. रुग्णाचाच शब्द उचलायचा : “भोग म्हणताय… काय येतं मनात?” आणि मग दहा सेकंद गप्प. दहा सेकंद किती लांब असतात ते घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी उशी नीट करायला लागतं. बघणाऱ्यानं तेच टिपायचं.

या शब्दामागे दोन अगदी वेगळी माणसं असू शकतात. एकाला ‘भोग’ म्हटल्यानं दुखणं सोसायला बळ येतं. त्याच्याशी कर्मसिद्धांतावर वाद घालणं म्हणजे हातातली काठी काढून घेणं. दुसरा त्याच शब्दानं स्वतःला शिक्षा करत असतो. फरक ऐकूनच कळतो. शिवाय यात उपचाराचा धागा आहे, तो सहसा निसटतो : ‘इथेच फेडून जायचं’ असं मानणारा रुग्ण वेदना लपवतो. विचारलं की “बरं आहे” म्हणतो, आणि रात्री चादर दातात धरतो. वेदनेचा शून्य ते दहामधला आकडा विचारताना अशा रुग्णाचा चेहरा, झोप आणि कूस बदलणं बघा. काहींना मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) नको असतं कारण गुंगीत नामस्मरण सुटेल. त्यांना सांगता येतं की सुरुवातीची गुंगी बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, आणि डोस कमी-जास्त करता येतो. पण वेदना दहापैकी आठ असताना असलं बोलणं काढूच नये. आधी औषध, मग गप्पा.

“सोडवा मला” हे वाक्य प्रार्थना असू शकतं, थकवा असू शकतो, आणि आत्महत्येचा विचारही असू शकतो. अंदाज बांधू नका, सरळ विचारा : “जीव संपवावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर रुग्णाला एकटं ठेवायचं नाही. डॉक्टरांना लगेच सांगायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी बोलवायचं.

तिसरी बैठक : रीतिरिवाज, आणि त्यातले धोके

‘अमुक धर्म म्हणजे तमुक गरज’ असा तक्ता भिंतीवर लावू नका. आडनावावरून अंदाज तर नकोच. बौद्ध कुटुंबातल्या रुग्णाच्या तोंडात कुणी भावनेच्या भरात गंगाजल घातलं, तर ते त्या घराला लागतं. १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेतल्या हिंदू देवदेवता आणि कर्मकांड नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञांशी त्याचा थेट संबंध आहे. त्यांना कदाचित त्रिशरण-पंचशील ऐकायचं असेल, कदाचित काहीच नको असेल. विचारा.

पुढच्या गोष्टींत मात्र नेमकी माहिती लागते.

पाणी आणि तुळस : गिळता न येणाऱ्या रुग्णाला चमचाभर गंगाजल किंवा झमझम (मक्केचं पवित्र पाणी) पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. गॉझचा बोळा भिजवून ओठ ओले करा. तुळशीचं पान जिभेवर न ठेवता ओठांना लावा. नातेवाइकांना कारण सांगितलं की पटतं, नुसतं ओरडलं की ते रात्री चोरून पाजतात.

दिवा, उदबत्ती : ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत अजिबात नाही. बॅटरीचा दिवा चालतो. पांढऱ्या पेशी खूप घटलेल्या केमोच्या रुग्णाजवळ ताजी फुलं, तीर्थ, उघडा प्रसादही नको. अंगारा पुडीतच उशाशी ठेवू द्या.

दोरे, माळा, मंगळसूत्र : कापण्याआधी विचारा. हात सुजत असेल किंवा तिथेच सलाइन लावायची असेल तर गंडा दुसऱ्या हाताला हलवता येतो. वारकऱ्याची तुळशीमाळ ऑपरेशनपूर्वी काढावीच लागली तर नाव लिहिलेल्या पाकिटात घालून घरच्यांच्या हाती द्या, कचऱ्याच्या ट्रेमध्ये नव्हे.

उपास आणि औषधं : एकादशीला साबुदाण्यानं साखर चढते, तर न खाता इन्सुलिन घेतलं की उतरते. दोन्ही धोके आदल्या दिवशीच बोलून घ्या. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजाची सूट आहे, तरी मनाला टोचणी लागते; डॉक्टरनं सांगण्यापेक्षा मौलानांनी सांगितलं तर ती निघते. चौविहार पाळणारे जैन रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, त्यामुळे दर चार तासांच्या मॉर्फिनचा रात्री दहाचा डोस चुकतो आणि पहाटे वेदना उसळते. दीर्घकाळ काम करणारी गोळी सूर्यास्तापूर्वी किंवा त्वचेवरचा पॅच, हे डॉक्टरांशी ठरवा. कॅप्सूलचं जिलेटिन बहुधा प्राणिज असतं, हेही काहींना आधी कळायला हवं.

पश्चिमेकडे : मुस्लिम रुग्णाला शेवटच्या वेळी किबल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबाच्या दिशेला, तोंड हवं असतं, महाराष्ट्रातून ती दिशा साधारण पश्चिमेची. खाट फिरवायला दोन मिनिटं लागतात. कॅथलिक रुग्णाला फादरांकडून तेलाचा संस्कार हवा असतो, तोही शुद्धीत असताना. शेवटच्या श्वासाला धावाधाव करण्यात अर्थ नाही.

नास्तिक रुग्णालाही चौथा पदर असतोच. त्याची इच्छा अनेकदा देहदानाची असते. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाचा आणि नेत्रपेढीचा फोन वॉर्डात हवा. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात.

चौथी बैठक : हद्द आणि नोंद

स्वतःचा धर्म, गुरू, बैठक, सत्संग वॉर्डाच्या दाराबाहेर. रुग्ण म्हणाला “माझ्यासाठी प्रार्थना करा”, तर “करते” किंवा “तुम्ही म्हणा, मी शेजारी थांबते”, जे खरं असेल ते. खोटं ‘हो’ रुग्णाला कळतं. नातेवाइकांनी बुवा आणला तर अंगारा लावण्याला हरकत नाही, पण उपचार थांबवायला सांगितलं तर तिथेच अडवा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याचे वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

नोंद केस पेपरवर दोन ओळींत : “वेदना सांगत नाहीत, भोग मानतात, चेहरा बघून आकडा ठरवावा. सकाळी ६ ला हरिपाठ, ड्रेसिंग ६:३० नंतर.” भावाशी भांडण, जुना गर्भपात, सुनेबद्दलचा राग असलं काही लिहू नका, केस पेपर नातेवाईक वाचतात. ते ड्यूटी बदलताना तोंडी सांगा, तेही गरजेपुरतंच.

तीन महिन्यांनी वीस केस पेपर काढा आणि फक्त चौथ्या प्रश्नाचं उत्तर शोधा. “हिंदू, श्रद्धाळू” एवढंच लिहिलेलं सापडलं तर दुसरी बैठक पुन्हा घ्यावी लागेल. आणि एखादा रुग्ण गेल्यावर त्याच पाळीत चहाच्या वेळी दहा मिनिटं काढा. मावशींना पहिल्यांदा बोलू द्या, बाकीचे नंतर.