व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवताय? या चुका टाळा

दवाखान्यात गेलं की डॉक्टरांच्या आधी कंपाउंडर भेटतो. वजन घेतो, बीपी बघतो, जुनी फाइल काढून ठेवतो. टेलिमेडिसिनने, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरांना दाखवण्याच्या सोयीने, कुर्ल्याहून परळपर्यंतची धक्काबुक्की आणि ओपीडीची रांग वाचवली खरी, पण कंपाउंडरचं काम आपल्या गळ्यात घातलं. हे लक्षात न घेता कॉल लावला की मग ‘ऑनलाइन डॉक्टर नीट बघतच नाहीत’ अशी तक्रार सुरू होते.

सगळ्यात जास्त घोळ फोटोंचा होतो. अंगावर पुरळ उठलं की आधी हळद किंवा कॅलामाइन लावायचं आणि मग रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढायचा! त्यात लालसरपणा दिसणार कसा? काही लावण्याआधी, दिवसा खिडकीजवळ दोन फोटो काढा: एक लांबून, म्हणजे पुरळ अंगावर कुठे आहे ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. मोबाइलचा ब्यूटी मोड बंद करा. तो नेमके डागच पुसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो धूसर होत नाही.

औषधांचंही तसंच. ‘सकाळी ती छोटी पांढरी गोळी घेते’ यावरून कुणालाच काही कळत नाही. केमिस्टने कापून दिलेल्या पट्टीवर अनेकदा नावच उरत नाही, म्हणून बिल जपून ठेवा. आयुर्वेदिक काढा, झोपेची गोळी, सगळं सांगा. बीपी मोजायचं तर चाळीचे तीन जिने चढून आल्याआल्या नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा. त्याआधी अर्धा तास चहा-सिगारेट नको.

लोकलमधून कॉल घेऊ नका. आवाज तुटतो, आणि मूळव्याधीची चर्चा अख्ख्या डब्याने का ऐकावी? व्हिडिओ अडकला तर डॉक्टरांना साध्या फोनवर यायला सांगा. मात्र पहिल्याच भेटीत काही औषधं व्हिडिओवर पाहिल्याशिवाय लिहून देता येत नाहीत. 25 मार्च 2020 ला केंद्र सरकारने आणलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी यादीच आहे. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतली आणि अंमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं तर मार्च 2020 च्या या नियमांनुसार ऑनलाइन लिहूनच देता येत नव्हती, तेव्हा ‘नाही’ म्हटल्यावर डॉक्टरांशी हुज्जत घालू नका. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं बघा.

आणखी एक. आई लालबागला, मुलगा अंधेरीच्या ऑफिसात, आणि लक्षणं सांगतोय मुलगा. आईला कॉलवर घ्याच. दुखतंय कुठे, हे तिने बोट ठेवून दाखवलं की निम्मा प्रश्न सुटतो. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मोठं माणूस सोबत असणं सक्तीचंच आहे.

छातीत दाब, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं: इथे अ‍ॅप उघडत बसायचं नाही. थेट 108 ला फोन, नाहीतर शेजाऱ्यांना हाक मारून जवळचं हॉस्पिटल.

फीच्या बाबतीतही जपा. हॉस्पिटलचा नंबर गुगलवर शोधताना वर दिसणारा पहिलाच नंबर फिरवू नका. भामटे खोटे नंबर टाकून ठेवतात. ‘अपॉइंटमेंटसाठी दहा रुपये भरा, हे अ‍ॅप टाका, स्क्रीन शेअर करा’ असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसेच भरायचे नसतील तर सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा आहे, ती मोफत आहे. गेलेच पैसे, तर लाजत बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.