थंडरबर्डमधली मेल वेबमेलवर दिसेना, तेव्हा

बाबांच्या संगणकावर थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये मेल यायची, पण ब्राउझरमध्ये वेबमेल उघडलं की इनबॉक्स रिकामा. दोन दिवस मी पासवर्डच तपासत बसलो. कारण वेगळंच निघालं: खातं जोडताना मेल आणायच्या दोन पद्धतींपैकी (पॉप आणि आयमॅप) पॉप निवडलं होतं. पॉप मेल संगणकावर उतरवून घेतं आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केलेली नसेल तर तिकडची काढून टाकतं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते. वाचलेलं, हलवलेलं, पुसलेलं दोन्हीकडे सारखं दिसतं.

थंडरबर्डमध्ये पॉपचं खातं आयमॅप करता येत नाही, नवं जोडावं लागतं. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५, दोन्हीकडे एसएसएल/टीएलएस (जोडणी सुरक्षित ठेवणारी सोय). बाबांच्या खात्याला दुहेरी पडताळणी होती, म्हणून अ‍ॅप पासवर्ड (फक्त थंडरबर्डसाठीचा वेगळा पासवर्ड) काढावा लागला.

जुनं खातं मात्र लगेच काढू नका! बाबांची सहा वर्षांची पत्रं फक्त त्या संगणकावर होती. आधी प्रोफाइल फोल्डरची (थंडरबर्ड मेल साठवतं तो फोल्डर) प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, मग शंभर-शंभर मेल निवडून नव्या इनबॉक्समध्ये कॉपी केल्या. एकदम सगळ्या टाकल्या की मध्येच अडकायच्या. रात्री बाबांनी फोनवर वेबमेल उघडली, तर आत्याने २०१९ मध्ये पाठवलेले गावच्या घराचे फोटो समोर आले.